एक वेळ तरी बसून जेव

चिखली,
पोळ्याची कर

चि. बाळास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोन असताना आत्याने पत्र कशाला लिहिलं, असं वाटलं असेल तुला. अगं, फोनवर तू नुसती "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस, मागे गाडीची घोषणा चाललेली असते, आणि माझं बोलणं अर्ध्यावरच राहतं. म्हणून हे डब्यात ठेवते आहे. बिबड्या काढायला झाकण उघडशील तेव्हा हाती लागेल. निवांत वाच.

इकडे सगळं ठीक. काल पोळा झाला. तुझ्या बाबांनी यंदा झूल नवी घेतली, शिंगांना हिंगूळ लावला आणि पुरणपोळीचा पहिला घास नेहमीसारखा धाकट्या बैलाला दिला. मधे तीन आठवडे पाऊस नव्हता, सोयाबीन माना टाकायला लागलं होतं. आता धरलं आहे. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण ती ऐकत नाही, खाली बसूनच भाकरी थापते. तुझी खोली तशीच ठेवली आहे, फक्त कपाटात मी माझी पुस्तकं आणून ठेवलीत.

आता मुद्द्याचं. परवा तू फोटो पाठवलास. मंत्रालयाचं ओळखपत्र गळ्यात, छान दिसलीस. तुझ्या बाबांनी तो फोटो साऱ्या गल्लीला दाखवला. मी मात्र तो मोठा करून पाहिला आणि तुझ्या गळ्याची हाडं दिसली. मग तुझे बाबा कौतुकाने म्हणाले, "पोरगी पहिल्या पगारापासून घरी पैसे पाठवते." त्यांना कौतुक वाटलं, मला धास्ती वाटली. पगार किती, कळव्याच्या खोलीचा तुझा वाटा किती, पास किती, हे मलाही जोडता येतं. उरलेल्यातून घरी पैसे येत असतील, तर ते तुझ्या ताटातून येताहेत. रात्री काय खाल्लंस विचारलं की "वडापाव". सकाळी "चहा-बिस्कीट". बाळा, वडापाव चांगलाच आहे. साठच्या दशकात दादर स्टेशनाबाहेर तो निघाला तो गिरणीकडे धावणाऱ्या माणसांसाठी. दोन पाळ्यांच्या मधली भूक भागवायची म्हणून. पण त्या माणसांचंही रात्रीचं ताट गिरणगावातल्या कुठल्या ना कुठल्या खानावळीत मांडलेलं असायचं. घराघरांत बाया त्यांच्यासाठी रांधायच्या. त्याच बायांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. वडापाव हा मधल्या वेळेचा घास होता गं, त्यावर दिवस काढायचा नव्हता.

हे मी एवढं का ताणते ते तुला सांगायलाच हवं. घरात कुणी तुला नीट सांगितलेलं नाही. तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. १९९६ साली मी आबांना, तुझ्या आजोबांना, घेऊन मुंबईला गेले होते. घशाचा आजार. खामगावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, परळला टाटा हॉस्पिटलला न्या म्हणून. तुझे बाबा वावर सोडून येऊ शकत नव्हते, म्हणून मी शाळेत रजा टाकली. मलकापूरला रात्री विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलो आणि सकाळी उतरलो. त्याच वर्षी स्टेशनला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव मिळालं होतं, पण हमाल आणि टॅक्सीवाले सगळे व्हीटीच म्हणत होते.

राहायचं कुठे हे ठरवून गेलोच नव्हतो. ही आमची मोठी चूक. स्टेशनाबाहेर एकजण मागे लागला, "स्वस्तात खोली देतो" म्हणाला. दोन रात्रींचे पैसे आधी घेतले. खोलीला खिडकी नव्हती. आबा रात्रभर बसून होते. तिसऱ्या दिवशी रांगेतल्या एका बाईने दादरच्या धर्मशाळेचं सांगितलं. दादर पूर्वेला, गाडगेबाबांच्या मिशनची. अमरावतीकडच्या शेंडगावचा आपला वऱ्हाडी माणूस, हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं घेऊन गावोगाव फिरला, आणि परगावच्या माणसाला शहरात पाठ टेकायला जागा हवी हे त्यानेच ओळखलं. त्यांच्या दशसूत्रीतलं पहिलंच कलम भुकेल्याला अन्न देण्याचं आहे, आणि बेघराला आसरा हेही त्यात आहे. तिथे आम्ही सहा आठवडे राहिलो.

त्या सहा आठवड्यांत आबांना किरणं देत होते. घसा इतका सोललेला की पाणीही थेंबथेंब उतरायचं. ज्या माणसाला चार भाकरी आणि कच्चा कांदा लागायचा, तो दुधाची अर्धी वाटी घेऊन तास-तास बसायचा. त्यांच्यासमोर मला घास गिळवेना. आणि पैसेही मोजून आणलेले. म्हणून मी रांगेत उभी आहे, औषधं आणायची आहेत, असं काहीबाही सांगून जेवण टाळायला लागले. आठव्या-नवव्या दिवशी हॉस्पिटलच्या रांगेतच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसले. सोलापूरकडच्या एका बाईने तोंडावर पाणी मारलं, पिशवीतली कडक भाकरी मोडून हातात दिली. आबा बाकावरून हे सगळं बघत होते. बोलता येत नव्हतं. त्यांनी बंडीच्या खिशातून खामगावच्या अडत्याची पावती काढली, तिच्या पाठीमागे शिसपेन्सिलीने दोन शब्द लिहिले आणि कागद माझ्या हातात दिला. "तू जेव."

त्याच संध्याकाळी ते मला माटुंग्याला घेऊन गेले. धर्मशाळेत कुणीतरी सांगितलं होतं, तिथे मऊ भात आणि ताक मिळतं. रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग. १९४२ पासून चालू आहे. माटुंगा स्टेशनाला लागूनच, जिना चढून वर. माझ्यासमोर केळीचं पान मांडलं. भात, सांबार, दोन भाज्या, पापड, ताक. आबांनी फक्त ताकाचा पेला घेतला आणि समोर बसून राहिले. पानावरची भाजी संपली की बोटाने खूण करायचे, वाढा म्हणून. वाढपी हसला, पुन्हा वाढून गेला. मी जेवून उठेपर्यंत त्यांचा पेला अर्धाच झाला होता, पण चेहरा इतका मोकळा मी त्या सहा आठवड्यांत दुसऱ्यांदा पाहिला नाही. ती पावती अजून माझ्याकडे आहे. ज्ञानेश्वरीत ठेवली आहे.

तर माय माझे, तुझ्या पासात हे माटुंगा येतं. कळव्याला धिम्या गाड्याच थांबतात म्हणून तू तक्रार करतेस ना? अगं, धिमी गाडी बरी. ती सगळीकडे थांबते, आणि पास असला की मधे कुठेही उतरता येतं, जास्तीचा पैसा लागत नाही. येताना आठवड्यातून दोनदा माटुंग्याला उतर, पान मांडून जेव, मग पुढची गाडी पकड. सोमवारी ते बंद असतं, तेवढं लक्षात ठेव. एरवी दादरला उतर. तिथे पश्चिमेला स्टेशनासमोर मामा काण्यांचं उपाहारगृह आहे, १९१० पासूनचं. शिवाजी पार्काच्या बाजूला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष घे, पण ते महिन्यातून एकदा, हौसेला. व्हीटीसमोरच्या आराममध्ये वडापावासाठी गर्दी असते, तिथे ताकही मिळतं. तू वडापाव उभ्यानेच खाऊन पळतेस हे मला माहीत आहे. आत जाऊन खुर्चीवर बस. दुपारी मंत्रालयातल्या उपाहारगृहात जेवायला लाजू नकोस, नवी आहेस म्हणून मैत्रिणींची वाट बघत ताटकळू नकोस. आणि खोलीवर चौघीजणी आहात तर पाळी लावा. एकीने कुकर लावला की चौघींचं वरणभाताचं होतं. सोबत ज्वारीचं पीठ दिलंय, कण्याही भरडून दिल्यात. कण्या शिजवायला भाकरीसारखा हात लागत नाही, त्यामुळे कंटाळा येणार नाही.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आलीच असेल. तू राजधानीत नोकरीला लागलीस म्हणजे आता अर्धी चिखली तुझ्याकडे येणार. कुणाचा अर्ज अडलाय, कुणाची मुलाखत आहे, कुणाचा रिपोर्ट दाखवायचाय. परवाच शेजारचे म्हणत होते, "आपली पोरगी आहे ना मंत्रालयात!" घाटावरच्या माणसाला मुंबई अजून लांबच आहे. खामगाव-जालना रेल्वेची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे, आणि आपण अजून एसटीने घाट उतरून मलकापूरलाच गाडी पकडतो. अशा दमून आलेल्या माणसाला फोनवर "कुठेतरी लॉज बघा" म्हणू नकोस. आमचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. पण चौघींच्या त्या एका खोलीत कुणाला उतरवूनही घेऊ नकोस, अगदी नात्यातलं असलं तरी. आत्याने सांगितलंय म्हण, वाईटपणा माझ्यावर घाल. पेशंट असेल तर हॉस्पिटलची चिठ्ठी घेऊन दादरच्या धर्मशाळेत आधी चौकशी करायला सांग, जागा भरलेली असते म्हणून घरून निघायच्या आधीच. कामासाठी आलेला पुरुषमाणूस असेल तर मंत्रालयासमोर आकाशवाणी आमदार निवास आहेच, आपल्या भागातली माणसं वर्षानुवर्षं आमदारांच्या पत्रावर तिथेच पथारी टाकतात. पण ते बाईमाणसाला सोयीचं नाही. रात्री उशिरा कुणी बाई एकटी उतरली तर तिला सकाळपर्यंत स्टेशनातल्या महिला प्रतीक्षालयातच बसायला सांग, तिकीट जपून ठेव म्हणावं. स्टेशनाबाहेर जो स्वतःहून बॅग उचलायला येतो, त्याच्या मागे कुणी जाऊ नये. आणि मंत्रालयात बाहेरच्यांना दुपारनंतरच आत सोडतात हे सगळ्यांना आधीच सांगून ठेव, नाहीतर सकाळी नऊपासून उपाशी फाटकावर उभे राहतील.

तुझ्याही खोलीचं मला पक्कं वाटत नाही. ती चार महिन्यांची सोय आहे असं तू म्हणालीस. पुढची जागा बघताना भाडं बघशील, स्टेशन बघशील. त्याआधी चूल पेटवू देतात का ते विचार. जिथे स्वयंपाक चालत नाही ती जागा कितीही स्वस्त असली तरी घेऊ नकोस.

आता फिरायचं. तू म्हणतेस रविवारी झोपते. झोप, पण महिन्यातून एक रविवार शहराला दे. आबा शाळेत असताना आपली राजधानी नागपूर होती. बुलडाणा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. आबा म्हणायचे, "मी गाव सोडलं नाही, राजधानीच हलली." आणि ती राजधानी त्यांनी पाहिली ती आजारपणात, बहुतेक हॉस्पिटलच्या बाकावरूनच. शनिवार-रविवार किरणं नसायची, म्हणून एका रविवारी त्यांना बरं वाटत होतं तेव्हा मी विचारलं, कुठे जायचं? मला वाटलं समुद्र म्हणतील. त्यांनी कागदावर लिहिलं, "जिजाऊंची बाग."

भायखळ्याला उतरलं की राणीची बाग. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. प्राणी बघायला गर्दी असते, तू आधी फाटकावरची पाटी वाच. आपल्या सिंदखेडराजाची लेक, लखुजी जाधवांच्या वाड्यात १५९८ साली जन्मलेली. दर १२ जानेवारीला आपण तिथे जातो, लहानपणी तू माझ्या खांद्यावर बसून गेली आहेस. ही बाग आधी व्हिक्टोरिया राणीची होती. माटुंग्याचं तंत्रशिक्षणाचं कॉलेजही तिचं, स्टेशनही तिचं. आज स्टेशनाला मुलाचं नाव आहे आणि बागेला व कॉलेजला आईचं. तू रोज मुलाच्या नावाच्या स्टेशनात उतरतेस, आणि वाटेत आईची बाग लागते. स्टेशनाला मुलाचं आणि बागेला आईचं नाव, हे आबांना फार आवडलं होतं.

बागेतच संग्रहालयाच्या इमारतीपाशी एक दगडी हत्ती आहे. तो बघितल्याशिवाय येऊ नकोस. हा घारापुरीचा. याच्यामुळेच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो फुटला, आणि मग तुकडे जोडून इथेच उभा केला. जवळ गेलीस की सांधे दिसतात. आबा त्याच्याजवळ खूप वेळ उभे राहिले. हत्तीच्या पायावर हात फिरवला, आणि मग तोच हात स्वतःच्या गळ्याला लावला. मी काही बोलले नाही.

बाकीची मुंबई तू तुझ्या डोळ्यांनी बघ. तरी एक-दोन सांगते. कामाला जाताना घाईत असतेस, म्हणून एखाद्या रविवारी मुद्दाम व्हीटीच्या इमारतीसमोर उभी राहा आणि वर बघ. १८८७ साली ती उभी राहिली तेव्हा तिचं नक्षीकाम जे. जे. कला शाळेतल्या पोरांनी केलं. दगडात मोर आहेत, माकडं आहेत, पानाफुलांच्या आड लपलेले बारीकसारीक जीव आहेत. मग चालत हुतात्मा चौकात जा. शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत. या राजधानीसाठी शंभरावर माणसांनी जीव दिला, त्यांची नावं वाच. घारापुरीला जायचं तर गेटवेहून बोट मिळते, तिथेही सोमवारी लेणी बंद असतात. मैत्रिणींसोबत जा, शेवटच्या बोटीची वेळ उतरल्याबरोबर विचारून ठेव, आणि डबा घेऊन जा. माकडांपासून सांभाळ मात्र. चैत्यभूमीला एखाद्या साध्या दिवशी संध्याकाळी जा, गर्दी नसताना. गाडगेबाबा आणि बाबासाहेब दोघेही १९५६ च्या डिसेंबरातच गेले, चौदा दिवसांच्या अंतराने. आबा तिथे गेले तेव्हा बाहेर वाळूत बसून राहिले होते.

गणपती तीन-चार दिवसांवर आलेत. लालबागच्या राजाला जायचं तुमचं ठरलंय असं तुझी आई म्हणाली. जा, माझाही नमस्कार सांग. पण तिथली रांग तासन्‌तास चालते. पोटभर जेवून रांगेत उभी राहा, पर्समध्ये गुळाचा खडा आणि शेंगदाणे ठेव, आणि परतीची गाडी रात्री अकराच्या आतली धर. महिलांच्या डब्यातच बस. उपास करून दर्शन घ्यायचं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. शेगावच्या गजानन महाराजांचं पहिलं दर्शन झालं ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना. ज्या मुलखाला त्यांनी अन्नाची किंमत दाखवली त्या मुलखातली तू आहेस. तू उपाशी राहिलेलं त्यांना आवडणार नाही.

पैशांचं मी तुझ्या बाबांशी बोलले. दिवाळीपर्यंत त्यांना तुझ्या पैशांची गरज नाही. सोयाबीन निघेल, आणि माझी पेन्शन आहे. त्यांना तू सांगू शकत नव्हतीस, म्हणून मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "तिने जेवावं म्हणूनच तर शिकवली." तेव्हा पुढच्या महिन्यात काही पाठवू नकोस. पाठवलंस तर मी परत पाठवीन.

तुझे बाबा दिवाळीआधी एकदा येणार आहेत, तुझी खोली बघायला. मीच त्यांना मलकापूरला बसवून देईन. त्यांना कुठे उतरवायचं ते आत्तापासून बघून ठेव. आणि माटुंग्याला घेऊन जा. त्यांच्या वडिलांनी मला तिथे जेवू घातलं, हे त्यांना माहीत नाही. तूच सांग.

उत्तर लिहायला वेळ नसेल तर राहू दे. रविवारी फोन कर, आणि आठवड्यात किती वेळा बसून जेवलीस ते सांग. कुठे जेवलीस आणि ताटात काय होतं, तेही सांग. मी वहीत लिहून ठेवणार आहे.

तुझीच,
आत्या

ता. क. डब्यात वर बिबड्या आहेत, खाली मेथीचे लाडू. लाडू एकवीस आहेत. रोज सकाळी एक, दुधासोबत, घरातून निघायच्या आधी.